साडेचार मिलिमीटरचे भोक

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंद्याने टर्नर, आता निवृत्त, गल्लीत 'मायक्रोमीटर' या नावाने ओळखला जाणारा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लेखी दिले आहे. घसा मात्र ठिकाणावर नाही. ऑपरेशननंतर आवाज कायमचा गेला, म्हणून हे वकीलबाईंना सांगून लिहवून घेतले नाही, स्वतःच्या हाताने लिहिले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी उरलेले नाही. याआधी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

एक. राहते घर, आतल्या सामानासह, माझ्या एकुलत्या एक मुलीला. बँकेत जे निघेल तेही तिलाच. न्हाणीघराच्या दाराची कडी वर उचलून मग ओढावी लागते. दुरुस्त करायची राहून गेली.

दोन. मागच्या खोलीतले लेथ मशीन धाकट्या भावाला. त्याने माझा पहिला मायक्रोमीटर नेऊन पाडला आणि "आधीपासूनच वाकडा होता" असे आईच्या देखत सांगितले. हे मी विसरलेलो नाही. तरी मशीन त्यालाच, कारण त्याच्याइतका हात दुसऱ्या कोणाचा नाही. दुसरा मायक्रोमीटर मात्र त्याला देऊ नये.

तीन. हिचे, म्हणजे माझ्या बायकोचे, शिलाई मशीन मुलीला. ड्रॉवर उघडू नये, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. उघडावा.

चार. एअर रायफल. या रायफलबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, नाहीतर कोणीतरी भंगारात घालील.

लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर माझी बायको एका दुकानाच्या काचेसमोर थांबली आणि म्हणाली, "मला एकदा ती चालवून बघायचीय." तोवर तिने माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. दिवसभर लोकांचे कपडे शिवणारी बाई, आणि बघतेय बंदूक! मी हसलो. मग आत जाऊन त्यातली सगळ्यांत स्वस्त घेतली. दुकानदार म्हणाला, "साहेब, आवाज येईल, नेमाचं काही सांगत नाही."

घरी आणून उघडली. नळीच्या तोंडाला धातूची बारीक कुसळे होती, ती लेथवर साफ केली. स्प्रिंग आत खडखडत होती, तिला नायलॉनची बाही कातून घातली. चापाचे दात तेलाच्या दगडावर आठवडाभर घासले. चाप असा झाला की ही म्हणाली, "आता रेशमातून सुई जावी तसा जातो." दस्ता तिच्या गालाच्या मापाने तासला, तो तासताना चार वेळा तिचा गाल मोजला. एवढी मोजायची गरज नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत नेमके दहा मीटर भरतात. भिंतीला चिंध्यांनी भरलेली पेटी लावली, तिच्यावर निशाणाचे कार्ड. दुसऱ्या महिन्यात हिचे पाच छर्रे शर्टाच्या एका बटणाखाली झाकले जात.

नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरीने दारातच अडवले. "काकू, फुगे फोडायची बंदूक आत चालत नाही."

ही म्हणाली, "मग फुगे लावा. कुठे फोडू ते सांगा."

त्या दिवशी अकरा जणांत ती पहिली आली. प्रशस्तिपत्रावर त्यांनी नाव माझे छापले. सेक्रेटरीला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये.

पुढची नऊ वर्षे सुखाची होती. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, आणि तेच त्यातले सुख.

मग हिचा उजवा हात थरथरू लागला. आधी सुईत दोरा जाईना, मग कपातला चहा बशीत येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "हे वाढत जाणार." मला डॉक्टरांचे पटले नाही. थरथर म्हणजे काय, मशीनलाही येते. वजन वाढवले, टेकू बदलला की जाते. मी दस्त्यात शिसे ओतले. पुढे टेकू बसवला. चाप कधी जड केला, कधी हलका. दर बदलानंतर मी माझ्या खोलीत जाऊन बसे, कारण मी पाहत असलो की तिचा हात जास्त हले. रायफलचा आवाज पाच वेळा येई. मग ही कार्ड घेऊन येई. पाचही भोके मधोमध.

"बघ," मी म्हणे, "शिशाचा फरक!"

"हो ना," ती म्हणे. "तुमच्या हाताला तोड नाही."

अशी तीन वर्षे गेली. मग ती गेली.

महिनाभराने मुलगी आली तेव्हा मी रायफलला नवा टेकू बसवत होतो. ती बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, बास करा आता. आईला तीन वर्षांत एकदाही नेम लागला नव्हता. पट्ट्याला भोकं पाडायचा तिचा पंच होता ना, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला, त्याने आम्ही कार्डं तयार करून ठेवायचो. शेवटी तिला पंचही धरवेना, तेव्हा मीच पाडायची. मागच्या दाराच्या चौकटीत घुसलेले छर्रे काढून ती भोकं लांबीने मीच बुजवायची."

"खोटं बोलतेस," मी म्हणालो. "चालती हो इथून."

ती गेली. चार वर्षे झाली. दर रविवारी तिचा फोन येई, मी उचलत नसे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी उचलला. ती म्हणाली, "बाबा? बाबा, बोला ना." माझ्या घशातून हवेशिवाय काही येईना. तिने बराच वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला. मी मुद्दाम गप्प बसलो असेच तिला वाटले असणार. त्यानंतर फोन आलेला नाही.

पाच. पत्र तीनदा लिहायला घेतले, जमले नाही. कलमाच्या आडोशाने जमते का पाहतो.

पंचाचे भोक साडेचार मिलिमीटरचे, छर्र्याचेही तेवढेच. पण छर्रा कागद फाडून जातो, काठाला शिशाची करडी रेघ ठेवतो. पंचाचे भोक स्वच्छ असते. मी चाळीस वर्षे केसाएवढे फरक हाताने ओळखून पोट भरले. पहिले खोटे कार्ड हातात आले त्याच दिवशी मी ओळखले. कोणत्या दिवसापासून भोके मुलगी पाडू लागली तेही ओळखले, कारण भोके अचानक एका रेषेत आली.

मी बोललो असतो तर रायफल कोपऱ्यात गेली असती आणि ही खाटेवर. म्हणून "शिशाचा फरक" म्हणत राहिलो. हिने ते माझ्यासाठी केले, मी हिच्यासाठी केले, आणि मध्ये उभ्या पोरीने ते मोठ्याने म्हटले म्हणून मी तिला हाकलले. तिचा प्रत्येक शब्द खरा होता. खोटे मी बोललो. हे शपथेवर लिहितो.

सहा. रायफल मुलीला. छर्रा न भरता चाप ओढू नये, स्प्रिंग तुटते.

सात. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात." त्यांना पाटीवर लिहून दाखवले ते इथेही लिहितो: याची एक प्रत आजच मुलीला पाठवावी, आणि सोबत सांगावे की फोनवर मला ऐकू येते.

समजून-उमजून, साक्षीदारांसमोर सही केली.

(सही)

साक्षीदार:
१. (सही) समोरच्या औषधाच्या दुकानाचे मालक
२. (सही) खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार, सकाळी