साडूचं शेल्फ

३ मार्च
साबण आणायला कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये गेलो. काउंटरसमोरचं, बरोबर डोळ्यांच्या उंचीचं शेल्फ साडूच्या मालाने भरलेलं. परदेशी ऑलिव्ह, परदेशी चीज, परदेशी बिस्किटं. प्रत्येक डब्यामागे 'आयातदार' म्हणून त्याचं नाव. दुकानदार म्हणतो कसा, तुमचे साडू म्हणजे एक नंबर माणूस. साबण न घेताच परत आलो. बायकोला सांगितलं, संपलाय.

४ मार्च
काल मला हेवा वाटला का? छे. हेवा वाटायला समोरचा बरोबरीचा लागतो. हा धाकट्या मेहुणीचा नवरा. स्वतःच्या लग्नात माझा कोट उसना घेऊन उभा होता. आता सासरेबुवा काही झालं की आधी त्याला फोन करतात. गिझर बिघडला तरी. गिझरमधलं त्याला काय कळतं?
ठरलं. मीही आयात करणार. वर्षाच्या आत ते शेल्फ माझं.

९ मार्च
माल ठरला. अंजिराचा जॅम. डोंगरातला छोटा कारखाना, नवरा-बायको दोघंच चालवतात. ऑफिसच्या वेळात इंटरनेटवर शोधून काढला. इथे साडूची नजर पोचलेली नाही. बायको म्हणाली, धाकटीच्या नवऱ्याला एकदा विचारून घ्या. जेवणावरून उठलो. नंतर भूक लागली तेव्हा घरात त्याचीच बिस्किटं होती. कुरकुरीत आहेत, पण गोड जरा जास्तच.

१५ मार्च
क्लिअरिंग एजंटला भेटलो. हा कस्टममधून माल सोडवून देतो. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. म्हणाला, विकायला आणायचं तर आधी फूड लायसन्स, मग लॅब टेस्ट, मग इथल्या भाषेतलं लेबल. तोवर साडू आणखी एक शेल्फ पटकावेल! सोपी वाट विचारली. म्हणाला, थोडा माल 'नमुना' म्हणून लगेच आणता येतो, पण तो विकायचा नसतो.
झालं! नमुना म्हणून आणायचा, बाटलीवरची 'नमुना'ची चिठ्ठी खरवडायची, शेल्फवर मांडायचा. एजंट नको नको म्हणाला. तो साडूचाही एजंट आहे, हे विसरून चालणार नाही.
लायसन्सचा अर्ज सोमवारी.

१६ मार्च
कारखान्याच्या बाईंना ईमेल. प्रत्येक बाटलीवर 'नमुना, विक्रीसाठी नाही' असं ठळक टाका, कस्टमवाल्यांना शंकेला जागा नको. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

२ एप्रिल
साडूने व्हॅन घेतली. बाजूला स्वतःचं नाव रंगवलंय. बायको पाहून आली. रंग छान आहे म्हणे. मी म्हटलं, व्हॅन काय, लॉन्ड्रीवाल्याकडेही असते. ती म्हणाली, आपल्याकडे कुठे आहे?
अर्ज सोमवारी नक्की.

११ एप्रिल, दुपार
माल सुटला! अधिकाऱ्याने बाटली हातात घेतली, हसला, जा म्हणाला. एजंटचं तोंड पाहण्यासारखं.

११ एप्रिल, संध्याकाळ
खोकी उघडली. बाई फारच प्रामाणिक निघाल्या. झाकणाच्या पत्र्यातच ठसा उठवलाय. लेबलवरही लाल अक्षरात आडवं छापलंय. बायकोने चष्म्याशिवाय, दारातून वाचलं.

१२ एप्रिल
झाकणं तारेच्या घासणीने घासली. रंग गेला, ठसा तसाच. लेबल गरम पाण्यात सोडवलं, तर त्याच्याबरोबर घटक, तारीख, सगळंच गेलं. आता आत जॅम आहे की बूटपॉलिश, सांगता येत नाही. दुकानदाराने बाटली दोन बोटांत धरून परत दिली. बाहेर व्हॅन उभी होती. मी मागच्या दाराने सटकलो.

१३ एप्रिल
डगमगणार नाही. नमुना म्हणजे वाटायचीच वस्तू. आधी बाजारपेठ तयार करायची, मग शेल्फ. उरलेल्या लेबलवाल्या बाटल्या इमारतीत, ऑफिसात, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे फुकट. प्रत्येकाला सांगतोय, आवडला तर कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये विचारा.

२४ एप्रिल
लोक वेडे झालेत! खालच्या मजल्यावरच्या आजींनी रिकामी बाटली धुऊन परत आणली, अजून आहे का म्हणून. साहेब पहिल्यांदाच स्वतःहून माझ्या टेबलापाशी आले. दुकानदार म्हणतो, रोज कुणी ना कुणी जॅम मागतं, वैताग आलाय. मी म्हटलं, जरा कळ काढा. साडू, सांभाळ आता.
अर्ज या सोमवारी. गेल्या सोमवारी डोकं दुखत होतं.

२० जून
सुपरमार्केट. डोळ्यांच्या उंचीला अंजिराचा जॅम. त्याच बाईंचा. इथल्या भाषेतलं व्यवस्थित लेबल. मागे पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. साडूचं नाव.
दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईकं ऐकेनात, मग लायसन्सवाला एकच माणूस माहीत होता, त्याला फोन केला.
जळतो मी. हो, जळतो. इथे लिहायला काय जातंय, कोण वाचणार आहे? त्याची व्हॅन पाहून जळतो. सासरेबुवांच्या फोनवर जळतो. त्याच्या विनोदावर बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते, त्यावर सगळ्यात जास्त. माझे विनोद ती ऐकून घेते.

२२ जून
सासरेबुवांकडे सगळे जेवायला. टेबलावर जॅम. आज सगळ्यांसमोर त्याचं पितळ उघडं पाडायचं म्हणून वाक्यं पाठ करून गेलो होतो. तर हा पठ्ठ्या आधीच म्हणाला, हा शोध दादांचा, मी नुसता हमाल. सासरेबुवांनी माझी पाठ थोपटली. बायकोने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माणसाला धड भांडूही देत नाही हा!
निघताना त्याने बाजूला घेतलं. नवी खारी बिस्किटं येणार आहेत म्हणे. दादा, लोकांच्या गळी माल उतरवावा तो तुम्हीच, नमुने पाठवू का? मी ताठ आवाजात सांगितलं, विचार करून कळवतो.

२३ जून, सकाळ
व्हॅन खोकी उतरवून गेली. ऑफिसात रजा टाकली आहे. वरच्या मजल्यापासून सुरुवात करतोय. तसं पाहिलं तर हे मार्केटिंग डायरेक्टरचंच काम. तसं कार्ड छापून घ्यावं म्हणतो. साडूला विचारून.