बाबांचं वाकडं बोट

अंबरनाथ, रविवार संध्याकाळ

डोकं सुन्न झालंय. स्कॉटलंडच्या जुन्या बॅगपाइप धुना मुळात कुठून आल्या, ते मोबाईलवर शोधत होते, आणि तिकडच्या एका वादकाच्या व्हिडिओत एकदम माझ्या बारशाची धून वाजली! बाबांनी लष्कराच्या बँडात बॅगपाइप वाजवत असताना रचलेली. खाली लिहिलंय, 'पारंपरिक, कर्ता अज्ञात'. योगायोग? कसला डोंबलाचा योगायोग! बाबांचं एक बोट वाकडं, म्हणून ते एक सूर गाळतात. या गोऱ्या वादकाची दहाही बोटं धड, तरी तोही नेमका तोच सूर गाळतो!

बाबांना ऐकवलं. म्हणाले, "तेव्हा तिकडचे पाहुणे वादक आले होते, त्यांना मीच शिकवली."

"मग आता काय करायचं यांचं?" मी ओरडलेच.

बाबा बोटाकडे बघत राहिले. "त्या वादकाला कळव, तो गाळलेला सूर वाजव म्हणावं. मला कधी ऐकायलाच मिळाला नाही."