सगुणाची ओळ

१४ एप्रिल, टोकावडे
हळदीची रील टाकली! काल वाडीतल्या मांडवात सासूबाई, आमच्या सा.बाई, काय गायल्या! साठी उलटलेली बाई, कमरेवर हात ठेवून नवरीकडच्या विहिणीला विचारते, ‘भाताच्या उडवीमागं कोणासंगं लपली?’ ही गाणी सुरू झाली की पुरुष आपणहून बाहेर जातात. मग प्रत्येक बाई पदरची एक ओळ जोडते. शेजारची सगुणा गायली, ‘धनी माझा भिंतीकडं तोंड करून घोरतो.’ हसून हसून पोट दुखलं.
वेब सिरीजमधली हिरोईन सिगरेट पेटवते, की झाली बोल्ड. आमच्या बायका अंथरुणातलंसुद्धा टाळ्या वाजवत सांगतात. रीलवर लिहिलं, ‘खरी बोल्ड बाई बघायची तर इकडं या.’
तीन ब्लाउज शिवायचे तसेच पडलेत. पडू देत.

१६ एप्रिल
रील सुसाट. पुण्याची एक मुलगी सा.बाईंना गुरू म्हणते. खाली ‘गावाची इज्जत घालवली’ म्हणणारेही आहेत. त्यातले दोघं तर वरातीत डीजेपुढं सगळ्यात आधी नाचणारे.
प्रकाश शहापूरहून कामावरून आला तो फुगूनच. “काढ ती रील. कंपनीत लोकं मला दाखवतात, तुझी आयस बघ म्हनून.”
“डीजेवर बाई नाचवतात तेव्हा तुमी डोळे मिटता का?”
ताट पुढं ओढून जेवायला बसला. नवऱ्याच्या धाकानं मी काही काढणार नाही.

१७ एप्रिल
सा.बाईंना आज रील दाखवली. वाटलं, खूश होतील. शेवटपर्यंत बघितली, मग म्हणाल्या, “हे बापये पन बघतात?”
“हो. सगळेच.”
“आमी त्यांना भायेर काढून गातो गो. लाज वाटते म्हनून नाय. ते नसले की तोंड सुटतं.” मग हळूच, “सगुणाला इचारलंस?”
नाही विचारलं. सुचलंच नाही. आणि सगुणा कालपासून पाण्याला आलेली नाही.

१८ एप्रिल
रील काढली. प्रकाशसाठी नाही, हे लिहून ठेवते. पण लोकांनी आधीच एकमेकांना पाठवलीय, ती फिरतेच आहे.
सगुणाकडं गेले. तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.
“नवऱ्यानं बघितलं. चार दिस झालं, बोलत नाय. ओटीवर झोपतो.”
चुकले म्हणाले. रडूच आलं मला.
“गायले ते खरंच हाय. पन तुमच्यात गायले गो.”
शेजारी बसून अर्धं सूप तांदूळ निवडून दिले.

२१ एप्रिल
मुंबईहून मेसेज. सिरीज लिहिणारी मुलगी आहे. गाणं हवंय, हिरोईन हिरोसमोर गाईल. स्त्रीशक्ती वगैरे बरंच लिहिलंय. आठवड्यापूर्वी नाचले असते.
सा.बाईंना सांगितलं. त्या खो खो हसल्या. “हिरोसमोर? मग त्यात मजा काय? तिला म्हनावं, हळदीला ये. मोबाइल भायेर ठेवून.”
तसंच्या तसं कळवलं. उत्तर नाही.

२४ एप्रिल
दुपारी पलीकडच्या आळीत हळद. मांडवाच्या तोंडाशी सूप ठेवलं, त्यात सगळ्यांचे फोन. पहिला माझा. पुरुष बाहेर गेले. प्रकाशही, माझ्याकडं बघत.
सगुणा आली! कडेला बसली, पदर घट्ट ओढून.
या खेपेला मीही ओळ जोडली, आयुष्यात पहिल्यांदा. प्रकाशवरच. सा.बाईंनी पाठीत धपाटा घातला, इतक्या हसल्या. त्यांचाच मुलगा!
मग सगुणाची पाळी. टाळ्या मंदावल्या. सा.बाईंनी धृपद दोनदा घोळवलं, तिला वेळ मिळावा म्हणून. मी मान खाली घातली होती.
सगुणा गायली. काय गायली ते इथंही लिहीत नाही.
बाहेर आलो तर तिचा नवरा वळणावर उभा. कधीपासून, कोण जाणे. तिनं चपला घातल्या, सुपातून आपला फोन घेतला. तो पुढं, ती मागं, दोघं घराकडं गेली. बोलताना काही दिसली नाहीत. पण पुढच्या वळणाशी तो थांबला, ती जवळ येईपर्यंत.