पाच झाकलेल्या बाटल्या

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा भाऊ वाइनतज्ज्ञ झाला आहे. आधी हसून घे, मग पुढे वाच.

नकाशांच्या कचेरीत सत्तावीस वर्षं मी डोंगरांच्या उंचीच्या रेषा तपासल्या. पुढे तेच काम संगणक न कुरकुरता करायला लागला, ते तुला माहीतच आहे. आता मी एका बावीस टेबलांच्या रेस्टॉरंटमध्ये काळं जाकीट घालून उभा असतो. जाकिटाचं शेवटचं बटण लागत नाही, म्हणून हात पोटावर ठेवतो. गिऱ्हाइकांना ती अदब वाटते.

कोण काय खातंय ते विचारायचं आणि त्याच्याबरोबर जाईल अशी वाइन सुचवायची, एवढंच काम. कुणी मासळी मागवली की मी मोझेल नदीकाठच्या रिस्लिंग द्राक्षांच्या वाइनवर येतो. तिथले उतार भिंतीसारखे उभे, जमीन पाटीच्या दगडाची. दिवसा तापलेला दगड रात्री वेलींना ऊब देतो, पण हवा थंडच, त्यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो आणि मासळीवर लिंबू पिळावं लागत नाही. भाजलेल्या मटणाबरोबर मेंडोझाचं माल्बेक, हजार मीटर उंचीवरचं, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर वाढलेलं. मश्रूम असतील तर बर्गंडीची पिनो न्वार. ती पातळ सालीची आणि आपल्या धाकट्या आत्यासारखी, हवा जरा बदलली की बिघडणारी. लोक माना डोलावतात. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटतो.

पुढच्या महिन्यात मालकीणबाई पाच झाकलेल्या बाटल्यांवर माझी परीक्षा घेणार आहेत. पास झालो तर नोकरी कायम, नाहीतर जाकीट परत.

भावजींना नमस्कार. माझ्यावरची माया अशीच मुरू दे.
तुझा,
ठोंब्या


ता. १२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. आ.

पत्र पोचलं. हसून घेतलं. जाकिटाचं बटण पुढे सरकवून शिव, पोट मागे सरकायची वाट बघू नकोस.

आता कामाचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात उतार आहेत, दगड आहेत, नदी आहे, बर्फसुद्धा आहे. वास मात्र एकही नाही. वॉर्डात बत्तीस वर्षं काढलेल्या नर्सला पेशंट काय सांगतो यापेक्षा काय सांगत नाही ते आधी ऐकू येतं. मागे तू इथे आला होतास तेव्हा दूध करपून पातेलं कोळसा झालं, वासाने शेजारीण धावत आली, आणि तू शेगडीशेजारी उभा राहून पेपर वाचत होतास. तेव्हा मी म्हटलं, वाचनात गुंग असेल. आता सरळ विचारते, सरळ उत्तर दे. तुला वास येतो का?

उत्तराची वाट बघणारी,
ताई


ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. गेल्या वर्षीच्या त्या तापात माझा वास गेला, तो गेलाच. नाक चेहऱ्यावर आहे, पण आता ते फक्त चष्मा टेकवायला. डॉक्टर म्हणतात, येईलही, न येईलही. एवढं मलाही सांगता आलं असतं.

मालकीणबाईंना द्राक्षांचे प्रदेश समजावून सांगणारा माणूस हवा होता. नाकाबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट कळतं. रंग दिसतो. बाकीचं पुस्तकातून पाठ केलंय. ग्लास नाकाशी नेतो, डोळे मिटतो, मनात पाच आकडे मोजतो आणि सुस्कारा सोडतो. तीनच मोजले तर उरकल्यासारखं दिसतं, आठ मोजले तर डुलकी लागल्यासारखं. शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम दिलं होतं, ती शाळेची केवढी चूक होती बघ.

पण ताई, त्रेपन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण दारात उभं करणार? परीक्षा अशीच द्यायची ठरवलंय. भावजींना सांगू नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

रागावलीस तरी पत्र पाठवत राहा.
तुझा,
ठोंब्या


ता. २५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. आ.

नोकरीचं मला काही वाटत नाही. तू एकटा राहतोस आणि गॅस गळला तर तुला कळणार नाही, या विचाराने दोन दिवस घास उतरला नाही. गॅस गळला की भोंगा वाजवणारं यंत्र पार्सलाने पाठवलंय. भिंतीवर लाव, खणात जपून ठेवू नकोस.

आणि एक सांग, बिघडलेली बाटली आली तर ती तुला कळेल का? लोक तुझ्या भरवशावर ग्लास तोंडाला लावतात. औषधाच्या बाटलीवरची अक्षरं दिसत नसताना ती वाचल्याचं सोंग करणाऱ्या नर्सला मी वॉर्डात एक दिवस ठेवणार नाही. मालकीणबाईंना खरं सांग. परीक्षेच्या आधी, नंतर नव्हे.

रागावलेली, पण तुझीच,
ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र भिंतीवर लावलं. बाकी तुझं ऐकलं नाही.

सोमवारी दुपारी स्वयंपाकघरात परीक्षा झाली. मालकीणबाई होत्या आणि मुख्य आचारी, ज्याला मी आल्यापासून आवडत नाही. पहिले चार ग्लास बरोबर सांगितले. फिक्या रंगावरून पिनो, आंबटपणावरून रिस्लिंग, जांभळ्या झाकेवरून माल्बेक. चौथ्या वाइनने जीभ कोरडी पडली, म्हणून ती कॅबरने या तुरट द्राक्षाची. पाचव्यावर मी पाच आकडे मोजले, सुस्कारा सोडला आणि भाषण ठोकलं. बोर्डो, नदीचा डावा काठ, खडीची जमीन, भाजलेल्या मटणाबरोबर अप्रतिम.

आचाऱ्याने ग्लास उचलला, हुंगला आणि सिंकमध्ये ओतला. प्रांत बरोबर होता, पण बुचामुळे वाइन बिघडली होती. ओल्या गोणपाटासारखा वास मारत होती म्हणे. मालकीणबाईंनी सांगितलं की ही शनिवारची सात नंबरच्या टेबलावरची बाटली. ती मीच उघडली होती. एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी दोन घोट घेतले, एकमेकांकडे बघितलं आणि ग्लास बाजूला सारले. जाताना त्या आजी मालकीणबाईंना म्हणाल्या, की आम्हाला या गोष्टीतलं कळत नाही, तुमचे तज्ज्ञ चांगली म्हणाले म्हणजे चांगलीच असणार.

ताई, माझ्यामुळे त्यांनी स्वतःच्या चांगल्या नाकावर विश्वास ठेवला नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तिथेच सगळं सांगून टाकलं आणि जाकीट काढायला लागलो.

मालकीणबाईंनी ते पुन्हा घालायला लावलं. म्हणाल्या, आणखी दोन महिने बघू. तोवर प्रत्येक बाटली आचारी हुंगणार, आणि मी प्रत्येक टेबलावर आधी सांगायचं, की मला वास येत नाही. आचारी आता दर वेळी राजासारखा बाहेर येतो, हुंगतो, मान हलवतो आणि जातो. मी मागे भालदारासारखा उभा. काल एका गिऱ्हाइकाने ग्लासातला वास मला सांगायचा प्रयत्न केला, पण ते सगळं माझ्याच पुस्तकातलं होतं.

तुझं आधीच ऐकायला हवं होतं.
तुझा,
ठोंब्या


ता. २० मार्च

चि. ठोंब्यास,
अ. आ.

उशिरा का होईना, खरं बोललास. मी वॉर्डभर सांगितलं की माझा भाऊ परीक्षेत नापास झाला. तोंड भरून हसत होते, त्यामुळे सगळ्यांनी पेढे मागितले.

काल ड्यूटी संपल्यावर, जन्मात पहिल्यांदा, वाइनच्या दुकानात शिरले. दुकानदाराला म्हटलं, डाव्या काठची बोर्डो द्या, आणि बूच धड असलेली. घरी येऊन ग्लासात ओतली आणि नाक घातलं. पुस्तक मी वाचलेलं नाही, त्यामुळे आलं तसं लिहिते. आधी जांभळं, जास्त पिकलेली. मग कातडी चप्पल. मग बराच वेळ काही नाही. मी तशीच बसून राहिले, आणि मग तासलेल्या पेन्सिलीचा वास आला. तू तिसरीत असताना नकाशे काढायचास, दिवसभर पेन्सिली तासायचास आणि तो भुसा खिशात साठवायचास. आई ओरडायच्या आत मी तुझी चड्डी अंगणात झटकायचे. त्या खिशाचा वास, ठोंब्या. अगदी तोच. मला रडू आलं. तुझे भावजी म्हणाले, एका घोटातच चढली. मी घोटसुद्धा घेतला नव्हता.

तुझं नाक येईपर्यंत माझं वापर. दर महिन्याला एका बाटलीचं नाव कळव. हुंगून मी लिहीन, पिणार तुझे भावजी.

तुझी,
ताई