‘कळलं’ नावाचं बटण

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच घातला. ओट्याखालचा नळ बघायला आडवा झालोच होतो, म्हणून उरकून घेतला.) तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका. इकडे सर्व ठीक. तुमची बहीण चार दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आली, त्याला आज अकरा दिवस झाले. माझी मुळीच तक्रार नाही, राहू दे की.

मी दिवसभर पडद्याकडे बघत करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. तर आमच्या कंपनीच्या नेटवर्कवर मी नजर ठेवतो. कुठं बिघडलं की पडद्यावर अलार्म येतो, गंभीर असेल तर लाल, किरकोळ असेल तर पिवळा, आणि घंटा वाजते. शेजारी ‘कळलं’ असं बटण असतं. ते दाबलं की घंटा थांबते. बिघाड तसाच राहतो, पण बारा वर्षं या खुर्चीत काढल्यावर माणसाला त्यातला फरक दिसेनासा होतो. तोच अलार्म पुन्हा पुन्हा आला तर दडपून टाकायचीही सोय आहे. (ती मी घरीही वापरली. नळ गळतोय हे तुमच्या बहिणीने महिनाभर रोज सांगितलं आणि मी रोज मनापासून ‘कळलं’ म्हणालो. ज्या दुपारी नळ उखडून तिच्या हातात आला, त्या दुपारी तिने मला सात फोन केले. तिचा नंबर मी कामाच्या वेळात मुका करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे आली.)

असो. परवा जेवणानंतर पडद्यावर एकदम चारशे बारा अलार्म आले, सगळे लाल. मी सवयीने सगळे निवडून ‘कळलं’ दाबलं. खोलीत छान शांतता झाली. तेवढ्यात साहेब धावत आले, कारण चारही मजल्यांवरचे फोन बंद पडले होते. साहेबांचं म्हणणं असं, की अलार्म चारशे असले तरी मूळ कारण एकच असतं, ते शोधा, बाकीचे आपोआप जातात. दोन तास सगळे शोधत होते आणि ज्या कुणा गाढवाने हे केलं त्याच्या नावाने मी सर्वांत मोठ्याने खडे फोडत होतो. शेवटी वायरमन माझ्याच टेबलामागे शिरला आणि मुख्य यंत्राचा प्लग हातात धरून बाहेर आला. उकडतंय म्हणून तो काढून तिथे मीच माझा पंखा लावला होता. अहवालात मूळ कारणाच्या रकान्यात आता मी आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला मेव्हणा

ता. क. : नळ मी स्वतः बसवला. आता थेंबही गळत नाही.

ता. क. २ : आमच्याकडे बोंब मारणाऱ्या यंत्राची भीती नसते, गप्प बसलेल्याची असते. म्हणून दर पाच मिनिटांनी आम्ही प्रत्येकाला विचारतो, ‘आहेस ना?’ अकरा दिवसांत तिचा एकही फोन नाही आणि मला करायचा धीर होत नाही. फार घाबरलोय, दादा. तेवढं माझ्या वतीने विचाराल का, कधी येतेस म्हणून?

ता. क. ३ : पहिला ता. क. खोटा आहे. नळ गळतोय, खाली बादली ठेवली आहे. निरोप ऐकून ती रागावली, भांडली, तुमच्यासमोर माझा उद्धार केला, तर काळजी नाही. पण नुसतं ‘कळलं’ म्हणाली, तर ताबडतोब कळवा. मिळेल त्या गाडीने येतो.