मोठ्या भावाची बाजू

केत्साल्तेनांगो, रविवार

लाडक्या आई, आशीर्वाद असू दे.

आम्ही बरे आहोत, बाळाचा खोकलाही कमी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

गुरुवारी आमच्या चर्चमधल्या ओफेलियाबाईंकडे बायबल-अभ्यास होता. त्यांची मुलं मोठी झालीत, त्या रोज तासभर निवांत वाचतात. माझा नुसता जळफळाट होतो गं! मी आपली रडतं बाळ घेऊन दाराबाहेर.

उधळ्या मुलाची गोष्ट चालली होती: धाकटा पैसे उडवून घरी येतो, बाप मेजवानी देतो, आणि शेतातून आलेला मोठा भाऊ रुसून बाहेरच थांबतो. ओफेलियाबाई म्हणाल्या, "मेला हेवेखोर तो मोठा भाऊ!"

मी बाहेरूनच ओरडले, "शेतात राबत होता तो! जेवायला बोलावलं कुणी त्याला?"

मग ओफेलियाबाई बायबल घेऊन बाहेर आल्या, माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पुढचं ऐक. बाप स्वतः उठून त्याच्याकडे बाहेर आला."

मला रडूच फुटलं.

हेवा अजून आहेच. पण आता मक्याच्या टोर्टिया भाजताना बायबलमधलं एकेक वचन मोठ्यानं वाचते, मुलंही ऐकतात. आम्हा सहा भावंडांच्या गोंधळात तू कधी वाचायचीस गं?

तुझी,
एल्विरा