शुभ खडीचं धरण

१८ मार्च
पोचले एकदाची! धरणावर इंजिनियर म्हणून माझी पहिली नोकरी, आणि खोलीच्या खिडकीतून अख्खं धरण दिसतंय. धरणाचे प्रमुख दावरोन आका (इथे थोरल्या भावाला आका म्हणतात) स्वतः गरम नान घेऊन आले. म्हणाले, मोहिराजान, तिकडे राजधानीत, दुशान्ब्यात, तुला कुणी खायला घालत नव्हतं का गं, वाऱ्याने उडशील. मला हा माणूस फार आवडला.

२१ मार्च
नवरोजचा सुमनक, म्हणजे अंकुरलेल्या गव्हाची खीर, शिजला. तळाला लागू नये म्हणून कढईत गोटे टाकतात, आणि ज्याच्या वाडग्यात गोटा येईल त्याचं वर्ष चांगलं जातं. इथले गोटे दुधाळ, चकचकीत, मागच्या टेकडीवरचे. कढई ढवळता ढवळता गावातल्या म्हाताऱ्या ओयमो अम्मा कौतुकाने सांगत होत्या. धरण बांधताना नदीची काळी खडी आणली होती, गावाने ती परत पाठवली आणि टेकडीची ही शुभ खडी घालायला लावली.

मी एक गोटा उचलून उजेडात धरला. असल्या दगडातली गारगोटी सिमेंटच्या क्षारात विरघळते, तिचा डिंक होतो, तो पाणी पिऊन फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. मी तसं बोलून बसले. धरण रिकामं करावं लागेल, असंही. आका म्हणाले, दगड फुगत नाही गं, शिकलेल्यांचं डोकं फुगतं. सगळे खदखदून हसले. नंतर माझ्या वाडग्यात कुणी काही वाढलं नाही.

२४ मार्च
आकांबरोबर धरणाच्या पोटातल्या भुयारात गेले. भिंतीभर जाळीदार भेगा, त्यांतून पांढरा डिंक. बोटाला कोमट लागला. गावात मला कुणी नानही विकत देत नाही. पाणी सोडलं तर कापूस करपेल, आणि त्याचं पाप म्हणे माझ्या माथी.

२६ मार्च
आकांनी भेगा सिमेंटने बुजवल्या. अहो, ते तर त्या डिंकाचं खाद्य! ओरडून सांगितलं. परवा भुयारात दोघं शेजारी चालत होतो, आज माझ्या एकटीचे खांदे दोन्ही भिंतींना घासले. भीती वाटते. उद्या वरिष्ठांना कळवणार — हे आकांसमोर बोलायला नको होतं.

२७ मार्च
कोंडलं मला. भुयारात. आका बाहेरून म्हणाले, दगड शुभ आहे म्हण, कुणाला कळवणार नाही म्हण, मग कडी काढतो.

म्हटलं. रडत म्हटलं.

कडी निघाली. दार हलत नाही. चौकट आवळलीय —

आका पलीकडून धडका देतायत. पोरी, पोरी करून रडतायत. फटीत आता डिंक —

भिंत पाठीला लागली. कोमट. श्वास सोडला की ती पुढे सरकते, आणि परत घ्यायला जागा —